बाराखडी पाठ आहे, पण शब्द वाचता येत नाही: दुसरीतल्या मुलीच्या वाचनाबद्दल सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी यवतमाळच्या मराठी शाळेत दुसरीत आहे. मुळाक्षरं आणि बाराखडी तोंडपाठ आहे. तरी ‘बदक’ समोर आलं की ती ‘ब… द… क…’ म्हणते, थांबते आणि ‘बगळा’ म्हणून मोकळी होते. शाळेतून सांगितलंय की रोज बाराखडी लिहून घ्या. तुमच्या मनात फोनिक्सचा, म्हणजे अक्षर आणि त्याचा आवाज जोडून इंग्रजी वाचायला शिकवणारा क्लास लावायचा विचार आहे. आणि घरात आजी ‘शाया’, ‘डोया’ असं वऱ्हाडी बोलते, त्याचा परिणाम असेल का, अशीही शंका आहे.

आजीचं आधी सांगते. नाही, त्यामुळे वाचन अडत नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय, पण घरात बोलायची भाषा कृपा करून बदलू नका.

आता मूळ अडचण. तिला अक्षरं ‘येत नाहीत’ असं नाही आणि ती लक्ष देत नाही असंही नाही. ब, द, क ही तिन्ही अक्षरं तिने बरोबर ओळखली. अडलं ते त्यांच्यापासून ‘बदक’ हा बोलण्यातला शब्द तयार होताना. याचं कारण मराठी लिहिण्यात आणि बोलण्यात असलेल्या एका फरकात आहे. तो फरक आपल्या मोठ्यांच्या कधी लक्षातच येत नाही, कारण आपण तो आपोआप भरून काढतो.

‘बदक’ हा शब्द मोठ्याने म्हणा आणि म्हणताना टाळ्या वाजवा. दोनच टाळ्या पडतात: ब-दक्. शेवटच्या क मधला ‘अ’ आपण उच्चारतच नाही. कागदावर अक्षरं तीन, तोंडात ठोके दोन. मुलगी कागदाशी प्रामाणिक राहून ‘बऽ दऽ कऽ’ म्हणते तेव्हा तिच्या कानावर पडणारा ‘बऽदऽकऽ’ हा शब्द तिने आयुष्यात कधी ऐकलेला नसतो. ओळखीचं काही सापडत नाही, म्हणून ती ‘ब’ने सुरू होणारा एक पक्षी उचलते. तिचा अंदाज तसा हुशारीचा आहे. पण अंदाजाची सवय लागली की वाचन तिथेच थांबतं.

शब्दाच्या मधलाही ‘अ’ असाच गळतो. ‘चमचा’ लिहिताना तीन अक्षरं, म्हणताना चम्-चा. ‘खिडकी’ म्हणजे खिड्-की, ‘बाटली’ म्हणजे बाट्-ली, ‘सरबत’ म्हणजे सर्-बत्, ‘कारखाना’ म्हणजे कार्-खा-ना. आणि ‘बगळा’सुद्धा बग्-ळा.

आता याच्याशेजारी ‘काका’, ‘मामी’, ‘टोपी’, ‘बटाटा’ हे शब्द ठेवून बघा. काका: अक्षरं दोन, ठोके दोन. बटाटा: अक्षरं तीन, ठोके तीन. इथे डोळा आणि कान एकमेकांशी पूर्ण जुळतात. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याकडे ‘आधी बिनकान्याचे शब्द, मग काना, मग वेलांटी’ हा जो क्रम रूढ आहे, तो अडखळणाऱ्या मुलासाठी उलटा आहे. ‘गवत’, ‘शहर’, ‘कमळ’ हे शब्द दिसायला सोपे असतात, कारण त्यांत चिन्हं कमी. जोडून वाचायला मात्र तेच कठीण. ‘मामी’, ‘टोपी’ यांत चिन्हं जास्त, पण कानाला ते सरळ आहेत. अडलेल्या मुलाला मी आधी हे देते.

तुमची मुलगी नेमकी कुठे अडली आहे हे मला इथून दिसत नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. म्हणून आधी घरीच एक छोटी तपासणी करा. एका दिवशी सगळी करू नका, दोन दिवसांत विभागा. ‘परीक्षा’ हा शब्द तोंडातून काढू नका. चूक-बरोबर काही न सांगता फक्त टिपून ठेवा.

पहिली तपासणी कानाची. यात कागद-पेन्सिल नको, अक्षरं दाखवायची नाहीत. दहा प्रश्न विचारा. तीन जोडायचे: तुम्ही ‘मा… सा’, ‘टो… पी’, ‘ब… टा… टा’ असं मधे सेकंदभर थांबून म्हणा, शब्द कोणता ते तिने सांगायचं. तीन तोडायचे: ‘भाजी’, ‘चमचा’, ‘कारखाना’ म्हणत टाळ्या वाजवायच्या. दोन गाळायचे: ‘बटाटा’ म्हण, पण ‘ब’ म्हणू नकोस; ‘पापड’ म्हण, पण ‘पा’ म्हणू नकोस. दोन वेगळा शब्द ओळखायचे: ‘कान, काठी, पाय’ आणि ‘मोर, मीठ, पाणी’.

यातल्या ‘चमचा’कडे लक्ष ठेवा. तिने दोन टाळ्या वाजवल्या तर ते बरोबर आहे. पुष्कळ ठिकाणी ‘च-म-चा, तीन!’ असं म्हणून मुलाला दुरुस्त केलं जातं आणि तिथेच त्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास जातो. कानाचा खेळ चालू असताना कान म्हणेल ते खरं. आणि ‘मोर, मीठ, पाणी’ हा प्रश्न मुद्दाम कठीण ठेवलाय. मो आणि मी ही अक्षरं वेगळी आहेत, दोघांत सारखा आहे तो फक्त ‘म्’ हा सुटा आवाज. इथे ती अडली तर काळजी करू नका. आपल्या लिप्यांत वाचायला शिकणाऱ्या मुलांना अक्षराएवढे तुकडे लवकर ऐकू येतात आणि सुटे आवाज सावकाश कळू लागतात. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्नड मुलांवरच्या अभ्यासातही हेच दिसलं. शिवाय सगळी अक्षरं पक्की व्हायला इंग्रजी मुळाक्षरांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ, काही वर्षं लागतात, हेही त्यात आहे. मराठीची स्थिती याबाबतीत कन्नडसारखीच आहे.

दहापैकी आठ आले तर कान तयार आहे असं समजा. पाच किंवा कमी आले तर पहिला महिना मुख्य काम कानाचंच.

दुसरी तपासणी अक्षरांची. वीस चौकोनी कागद करा. दहांवर साधी अक्षरं आणि दहांवर काना-मात्रा-वेलांटी-उकार लागलेली: की, मो, रू, ले, ता, पि, सु, नो, वी, डा अशी. पत्त्यांसारखी पिसून एकेक दाखवा. ‘पाठ असणं’ आणि ‘येणं’ यातला फरक इथे उघडा पडतो. ‘ले’ दाखवल्यावर मुलगी ओठातल्या ओठात ‘ल, ला, लि, ली…’ म्हणत तिथपर्यंत चालत जात असेल, तर तिला बाराखडीची ओळ पाठ आहे, ‘ले’ येत नाही. ‘ल वर एक मात्रा ले’ असं म्हणून मग उत्तर देत असेल तरी तेच. वाचताना प्रत्येक अक्षराला एवढा वेळ लागला की चौथ्या अक्षरापर्यंत पहिलं विसरलेलं असतं. मनात आवाज फार थोडा वेळ टिकतात, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर फारच थोडा वेळ. म्हणून दाखवल्याबरोबर, एका सेकंदाच्या आत आलं तरच बरोबर धरा. उशिरा आलेलं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. तो गठ्ठा म्हणजे तुमचा अभ्यासक्रम.

तिसरी तपासणी अर्थ नसलेल्या शब्दांची: लामी, टूका, नेबा, कीरो, पोमे. तिला सांगा की ही एका दुसऱ्या ग्रहावरच्या मुलांची नावं आहेत. अंदाज लढवायला इथे जागाच नाही, त्यामुळे ती खरोखर जोडून वाचते का हे कळतं. पाचपैकी चार वाचले तर जोडण्याची क्रिया तिला जमते आणि अडचण बहुधा मघाच्या गळणाऱ्या ‘अ’ची आहे.

चौथी तपासणी ऐकून समजण्याची. तिच्या पुस्तकातली पाच-सात वाक्यांची गोष्ट तुम्ही वाचा आणि तीन प्रश्न विचारा. वाचून समजणं हे दोन गोष्टींवर उभं असतं: अक्षरांतून शब्द काढता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये हे साध्या गुणाकारासारखं मांडलं: एक बाजू शून्य असली तर उत्तर शून्यच. ऐकून तिला छान कळत असेल, तर मेहनत फक्त पहिल्या बाजूवर घ्यायची. ऐकूनही कळत नसेल तर अक्षरांच्या सरावाइतकंच गोष्टी वाचून दाखवणं आणि बोलणं महत्त्वाचं. तुमच्या वर्णनावरून मुलगी बोलकी वाटते, त्यामुळे इथे तिला अडचण येणार नाही असा माझा अंदाज आहे.

आता काम कसं करायचं ते सांगते. रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. एका बैठकीत तासभर घेण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

पहिली चार-पाच मिनिटं कानाची. टाळ्या, जोडणं, गाळणं, आणि भेंड्या. गावांच्या किंवा फळांच्या भेंड्यांमध्ये शेवटचा आवाज पकडून नवा शब्द शोधायचा असतो; मोठी मुलं शब्दात मधे मधे एखादा ठरावीक आवाज घुसवून गुप्त भाषा बोलतात, त्यातही शब्दाचे तुकडे करावेच लागतात. या खेळांचा वाचनाशी थेट संबंध आहे, स्वयंपाक करताना किंवा शाळेत जाता-येता ते सहज होतात. बडबडगीतं म्हणताना यमकाच्या जागी थांबा आणि शब्द तिला भरू द्या.

पुढची पाच मिनिटं तक्त्याची. बाराखडी टाकून द्या असं मी म्हणत नाही. बाराखडी हा आवाजांचा अतिशय सुबक तक्ता आहे, पण आपण तो फक्त आडवा म्हणतो. तो उभाही वापरायचा. पाच अक्षरं घ्या: क, म, र, ल, न. चार रूपं घ्या: साधं, काना, दुसरी वेलांटी, काना-मात्रा. असे वीस चौकोन होतात:

क का की को
म मा मी मो
र रा री रो
ल ला ली लो
न ना नी नो

आधी उभं वाचायचं: का, मा, रा, ला, ना. विचारा, ‘सगळ्यांत सारखं काय ऐकू येतं?’ उत्तर ‘आ’. ‘सारखं काय दिसतं?’ काना. मग आडवं: क, का, की, को. ‘आता सारखं काय?’ इथे ती थोडी थांबेल, थांबू द्या. ‘क्’ हा सुटा आवाज मुलाला पहिल्यांदा इथे सापडतो. ‘मोर’ आणि ‘मीठ’मध्ये काय सारखं आहे, हे ज्या मुलाला नुसत्या कानाने कळत नव्हतं, त्याला तक्त्यावर बघून कळतं. म्हणजे कान आधी पूर्ण तयार करायचा आणि मग अक्षरं, असं काटेकोर नसतं. लिपीही कान तयार करते.

त्यानंतर कसंही, उलटसुलट बोट ठेवत जायचं. वीस चौकोन एका मिनिटात न अडखळता आले की पहिला टप्पा झाला. त्याच तक्त्यावर पुन्हा फिरत मिनिटाला पस्तीस-चाळीसपर्यंत गेलं की अक्षरं पक्की झाली असं मी धरते. मग पाचातली दोन अक्षरं बदला आणि एक नवीन चिन्ह आणा. क्रम साधारण असा: आधी मात्रा आणि दुसरा उकार, मग पहिली वेलांटी आणि पहिला उकार, मग दोन मात्रा आणि काना-दोन मात्रा, अनुस्वार त्यानंतर.

पहिली वेलांटी उशिरा का? कारण ती लिहितात अक्षराच्या डावीकडे आणि उच्चारतात अक्षरानंतर. डोळा डावीकडून उजवीकडे जाताना आधी वेलांटी दिसते, आवाज मात्र आधी ‘प्’चा हवा. दोन वेलांट्यांमधला फरक बोलण्यात मुलाला फारसा ऐकू येत नाही, आपल्यालाही येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी ‘पि’ आणि ‘पी’ दोन्ही नीट वाचता आले की पुरे. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा हट्ट आत्ता धरू नका. एक नियम मात्र लवकर सांगता येतो आणि मुलांना आवडतो: मराठी शब्दाच्या शेवटी जवळजवळ नेहमी दुसरीच वेलांटी असते. ‘आणि’ हा नेहमी भेटणारा अपवाद.

दिसायला किंवा ऐकायला जवळची अक्षरं एकाच आठवड्यात आणू नका. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष या दिसण्यातल्या जोड्या. क-ख, ग-घ, द-ध, ट-ठ या ऐकण्यातल्या. एक अगदी पक्कं झाल्यावर, निदान दोन आठवड्यांनी दुसरं. दोन्ही समोर ठेवून ‘फरक बघ’ म्हणणं मोठ्यांना तर्कशुद्ध वाटतं, पण मुलाच्या डोक्यात त्यांची कायमची जोडी बसते. आणखी एक बारीक गोष्ट: मोबाइलवर वाचायला देत असाल तर त्यावरचा ल आणि श पुष्कळदा हिंदी वळणाचा असतो. पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श असतो. सध्या छापील पुस्तकच बरं.

च आणि ज यांच्याबद्दलही सांगून ठेवते. ‘चाक’ मधला च आणि ‘चार’ मधला च वेगळे, ‘जाळं’ आणि ‘जीभ’ यांतले ज वेगळे. अक्षर एकच, आवाज दोन. चित्राच्या तक्त्यावर ‘च चमच्याचा’ शिकलेली मुलगी ‘चार’ वाचताना चमच्याचा च लावेल. तिला चूक म्हणू नका. ‘च दोन प्रकारे म्हणतात, दुसऱ्या प्रकारे म्हणून बघ’ एवढंच म्हणा. तिला शब्द माहीत असल्याने ती स्वतः दुरुस्त करते.

त्यापुढची पाच-सहा मिनिटं शब्दांची, आणि इथे क्रम पाळा.

आधी अक्षरागणिक ठोका असलेले शब्द: काका, मामी, मोरी, काकी, मीना, नाना. मग एका ठोक्याचे, दोन अक्षरी: कान, नाक, मोर, लोक, काम, घर, बस. इथे तिला एकच गोष्ट शिकवायची आहे: शेवटचं बिनचिन्हाचं अक्षर आधीच्या अक्षराला चिकटतं. ‘का’वर बोट ठेवून आवाज लांबवा, ‘काऽऽऽ’, आणि आवाज न तोडता बोट ‘न’वर सरकवून तोंड बंद करा: ‘काऽऽन्’. आवाज तुटला की शब्द तुटतो. मधे श्वास घ्यायचा नाही, ‘न’ वेगळं ठासून म्हणायचं नाही.

हे आठ-दहा दिवस घोटल्यावर ‘बदक’चा गट: बदक, गवत, कमळ, शहर, नोकर, माकड. आता युक्ती अशी की मागून जोडायचं. कागदाच्या तुकड्याने ‘ब’ झाका. उरलं ‘दक’. हा एका ठोक्याचा दोन अक्षरी तुकडा, ‘कान’सारखाच, तो तिला येतो: दक्. मग ‘ब’ उघडा: ब-दक्. ‘माकड’साठी ‘मा’ झाका, ‘कड्’ वाचा, ‘मा’ उघडा. चार-पाच दिवसांत झाकायचा कागद लागत नाही, ती स्वतःच शेवटची दोन अक्षरं एकत्र उचलायला लागते.

शेवटी मधला ‘अ’ गळणारे: चमचा, खिडकी, बाटली, चिमणी, पिशवी, करवत. याचा नियम मुलाला सांगू नका, तो मोठ्यांनाही सांगता येत नाही. तिला ‘च-म-चा’ असं पूर्ण वाचू द्या, मग म्हणा, ‘आता बोलतो तसं म्हण.’ शब्द माहीत असेल तर ती आपोआप ‘चम्चा’ म्हणते. म्हणूनच या टप्प्यावर शब्द घरातले, रोजचे हवेत. ‘शतपावली’ तिने कधी ऐकलंच नसेल तर कुठे अ गाळायचा हे तिला कळणार कुठून? परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचं वाचन इथेच अडतं: अक्षरं येतात, पण वाचलेला शब्द पडताळून बघायला कानात मराठी कमी असते.

रोज शेवटी तीन शब्दांचं श्रुतलेखन घ्या, त्या दिवशी वाचलेल्यांपैकीच. तिने ‘खिड्की’ किंवा ‘चिम्णी’ असं पाय मोडून लिहिलं तर मनातल्या मनात आनंद माना. तिचा कान उत्तम काम करतोय. ‘तू ऐकलंस ते अगदी बरोबर, लिहिताना मात्र ड पूर्ण लिहायचा’ असं सांगा. लाल फुली मारू नका.

उरलेली चार-पाच मिनिटं तुम्ही तिला वाचून दाखवा. हे थकली म्हणून वगळायचं नाही.

नेहमी दिसणाऱ्या चुकांबद्दल थोडं. चिन्ह गाळून वाचणं, म्हणजे ‘मान’चं ‘मन’, ‘दार’चं ‘दर’. कारण बहुतेक वेळा एवढंच की चिन्हाने अर्थ बदलतो हे तिला जाणवलेलंच नाही. त्यासाठी जोड्या वाचून घ्या: कर-कार, तर-तार, वर-वार, पट-पाट, मार-मोर. दोन्ही शब्दांची चित्रं काढून जुळवायला सांगा. पहिल्या अक्षरावरून ठोकून देणं, जसं ‘बगळा’: आधी चित्र झाका, मग ‘पहिलं बरोबर आहे, शेवटी कोणतं अक्षर दिसतंय?’ एवढंच विचारा. ‘बगळा’च्या शेवटी ळा हवा, इथे क आहे, हे तिचं तिला दिसू द्या. तुम्ही लगेच ‘बदक’ सांगितलंत, तर अडलं की आईच्या तोंडाकडे बघायचं एवढंच ती शिकेल. पाच सेकंद थांबा. पाच सेकंद फार वाटतात, पण थांबा.

अनुस्वार एकच टिंब असून कामं वेगवेगळी करतो. ‘आंबा’त तो म्, ‘पंखा’त नाकातला वेगळाच आवाज, आणि ‘घरं’मध्ये नाकाशी त्याचा संबंधच नाही. ‘घर’मधला शेवटचा अ आपण गिळतो, ‘घरं’मध्ये तो पूर्ण म्हणतो: घरऽ. म्हणजे इथे टिंब सांगतं की अ म्हणा. झाड-झाडं, पान-पानं, फूल-फुलं अशा जोड्या वाचल्या की अनेकवचन आणि गळणारा अ दोन्ही एकदम स्पष्ट होतात. मला ही जोडी शिकवायला फार आवडते. जोडाक्षरं आणि रफार यांना आत्ता हात लावू नका. हत्ती, अण्णा, पप्पा अशी एकाच अक्षराची जोडाक्षरं तेवढी येऊ द्या.

शाळेने सांगितलेल्या लेखनाबद्दल. बाराखडी दहा वेळा लिहायला दिली की बहुतेक मुलं आधी सगळे क लिहून टाकतात आणि मग खालपर्यंत काने ओढत जातात. हात चालतो, तोंड आणि कान बंद. शिक्षकांशी वाद घालायची गरज नाही. लिहायचंच असेल तर प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत, आडवं, एकदाच. आणि एकदा त्यांना भेटून वरच्या तपासणीचे कागद दाखवा. चाळीस मुलांच्या वर्गात त्यांना इतकं जवळून बघायला वेळ मिळत नाही, तुमची माहिती त्यांनाही उपयोगी पडेल.

फोनिक्सचा क्लास? त्यातला कानाचा भाग कोणत्याही भाषेला उपयोगी आहे. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालात सुट्या आवाजांची जाण, अक्षर-आवाज संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन असे पाच भाग सांगितले आहेत, पण तो इंग्रजी वाचनाबद्दल आहे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे बहुधा एक सुटा आवाज. आपल्या ‘क’मध्ये अ आधीच आहे. क्लासमध्ये शिकवतात म्हणून घरी ‘क् अधिक अ बरोबर क’ असं फोडायला लागलात, तर आज जे तिला येतंय तेही गोंधळेल. इंग्रजीसाठी क्लास लावायचा असेल तर लावा, पण मराठी आणि इंग्रजीची नवी अक्षरं एकाच बैठकीत नकोत. मराठी वाचन सुधारायला तो क्लास लागणार नाही.

आता आजी. वऱ्हाडीत ‘शाळा’चं ‘शाया’, ‘डोळा’चं ‘डोया’ होतं, ‘पाणी’ पुष्कळ घरांत ‘पानी’ असतं. मुलगी ‘शाळा’ हा छापील शब्द बघून ‘शाया’ म्हणाली, तर तिने तो वाचला आणि तिला तो समजला. तो बरोबर वाचलेला शब्द आहे. ‘घरी आपण शाया म्हणतो, पुस्तकात शाळा लिहितात’ एवढं एकदा सांगा. आजीच्या गोष्टींमधून तिला हजारो शब्द मिळताहेत, आणि गळणारा अ भरून काढायला तेच शब्द लागणार आहेत.

किती दिवसांत फरक दिसेल, हे तपासणीत काय निघतं आणि रोजचा सराव किती नेमाने होतो यावर आहे. अडचण फक्त जोडण्याची असेल, तर सहा ते आठ आठवड्यांत ‘बदक’च्या गटातले नवे शब्द ती स्वतः वाचू लागावी. कानापासून सुरुवात असेल तर चार-सहा महिने धरा. ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. ते तुम्हाला दिशा म्हणून माहीत असू द्या, पण आत्ता घड्याळ लावून तिला शब्द वाचायला बसवू नका. अक्षरांच्या तक्त्याला वेळ लावणं वेगळं, तो खेळ आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाला घड्याळ दाखवलं की ते अंदाज लढवायला लागतं.

नेमाने पाच-सहा महिने करूनही काना-वेलांटीची साधी अक्षरं पटकन येत नसतील, काल आलेलं आज पुसलं जात असेल, किंवा घरात आणखी कुणाला लहानपणी वाचायला जड गेलं असेल, तर थांबून तपासून घ्या. आधी कान आणि डोळे, दोन्ही. सर्दीने वरचेवर कान भरणाऱ्या मुलांना क-ख, द-ध यांतला फरक खरंच नीट ऐकू येत नाही. ते ठीक असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणींची चाचणी. ती मराठीतूनच व्हायला हवी, इंग्रजी चाचणीवरून मराठी वाचनाचा निष्कर्ष काढू देऊ नका. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. पक्कं निदान साधारण आठव्या वर्षाच्या आधी करत नाहीत, पण मदत सुरू करायला निदानाची वाट बघायची नसते. वर सांगितलेलाच सराव तेव्हाही करायचा असतो, फक्त आणखी लहान टप्प्यांत आणि जास्त दिवस. जाताना रोजची वही घेऊन जा: तारीख, त्या दिवशीचा तक्ता, किती आले, कोणता शब्द काय म्हणून वाचला. तपासणाऱ्याला तुमच्या आठवणीपेक्षा ‘बदक, बगळा वाचलं’ अशा नोंदींतून जास्त कळतं.